न पडलेली चाळ: लांबलेल्या एका मालिकेचा प्रकरण अभ्यास

एक मराठी दैनंदिन मालिका. ठरली ३१२ भागांची, चालली ७८० भाग. पहिल्या वर्षी लोकलच्या लेडीज डब्यात अनोळखी बायका तिच्यावरून एकमेकींशी वाद घालायच्या. तिसऱ्या वर्षी ती माझ्या स्वतःच्या घरातही कुणी लावत नव्हतं. मी तिच्या पटकथेच्या टीममध्ये पहिल्या बैठकीपासून शेवटच्या भागापर्यंत होतो, तेव्हा हे लिहिताना मला हात झटकता येणार नाहीत. वाहिनी, निर्मिती संस्था आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत. कथानकातले काही तपशील ओळख पटू नये इतपत बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

गिरगावातली एक उपकरप्राप्त चाळ (म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणारी जुनी इमारत), पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेल्या खोल्या आणि पुनर्विकासाचा प्रस्ताव घेऊन आलेला बिल्डर. दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबातले आजोबा वारतात. काही महिन्यांनी बिल्डरच्या फायलीत त्यांच्या नावाचं संमतीपत्र निघतं. त्यावर त्यांची सही असते आणि सहीखालची तारीख त्यांच्या तेराव्याच्याही नंतरची. ही सही धाकट्या काकाने केलेली असते.

प्रेक्षकाला हे चाळिसाव्या भागात कळतं. घरातली थोरली मुलगी धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात प्रॅक्टिस करणाऱ्या एका वकीलबाईंकडे कारकून असते, तिला साधारण निम्म्या वाटेवर कळणार होतं. आणि थोरलीच्या आईला अगदी शेवटी. या आईने लग्न होऊन आल्यापासून त्या धाकट्या दिराला पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. ती दिराला सोडते की गप्प बसते, एवढाच मालिकेचा प्रश्न होता. शेवटच्या भागात चाळ पडायची होती.

३१२ हा आकडा आठवड्याला सहा भाग आणि बावन्न आठवडे यांचा गुणाकार. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की हातात बावीस मिनिटं येतात, म्हणजे पाच-सहा सीन. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, ही आपल्याकडची नेहमीची वाटणी. आठवड्याची वनलाइन, म्हणजे कुठल्या भागात काय घडतं याचा थोडक्यात आराखडा, वाहिनीकडून मंजूर करून घ्यायची, मग सीन लिहायचे, आणि संवाद रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर सेटवर पाठवायचे. सुरुवातीला आमच्याकडे अठरा भागांची बँक होती. म्हणजे अठरा भाग शूट आणि एडिट होऊन टेलिकास्टची वाट बघत पडलेले. तिसऱ्या वर्षी सकाळी शूट झालेला सीन त्याच रात्री टीव्हीवर दिसायचा.

सेट मढला होता. वर्सोव्याहून फेरीबोटीने पलीकडे गेलं की रिक्षाने दहा मिनिटं. चाळीचे दोन मजले, लाकडी जिना, सामाईक गॅलरी, गॅलरीच्या टोकाला नळ. कला-दिग्दर्शकाने घासून गुळगुळीत झालेला जिन्याचा कठडा एका खऱ्या पाडलेल्या चाळीतून विकत आणला होता. भाडेपावत्यांचे गठ्ठेसुद्धा नीट जुने करून घेतलेले. अशा सेटचा खर्च निर्माता आधी करतो आणि भागागणिक मिळणाऱ्या पैशातून हळूहळू वसूल करतो. पुढे सगळं याच गोष्टीशी येऊन अडलं, म्हणून ती इथेच सांगून ठेवतो.

समस्या कुठून सुरू झाली

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की मालिका एखाद्या आचरट वळणावर बिघडते. जिन्यावरून पडणं, स्मृती जाणं, मेलेला माणूस परत येणं वगैरे. आमच्याकडे यातलं बरंच झालं. पण ते सगळं नंतरचं. ज्या दिवशी बिघडलं त्या दिवसाचे भाग फार चांगले होते.

दोन गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतील. दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे टीव्हीचा प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचे आकडे येतात, ते आदल्या शनिवार ते शुक्रवारच्या आठवड्याचे. बँक अठरा भागांची असली की गुरुवारी आकड्यांत दिसणारे भाग महिनाभरापूर्वी लिहिलेले असतात. आकडा घसरला म्हणून शुक्रवारी जो निर्णय होतो, तो लेखकांच्या टेबलावरून कधीच पुढे गेलेल्या गोष्टीबद्दलचा निर्णय असतो. मधले भाग कसे आहेत हे अजून कुणीच पाहिलेलं नसतं.

दुसरी गोष्ट दोन घड्याळांची. दैनंदिन मालिकेत सण खऱ्या पंचांगाप्रमाणे येतात. बाहेर गणपती बसले की मालिकेतही बसले पाहिजेत. पण कथेतला काळ सीनच्या गतीने चालतो, आणि आम्ही एका दिवसाला कधी कधी आठ भाग लावायचो. धाकट्या बहिणीला दिवस गेल्याची बातमी एका गणपतीत कळली आणि पुढच्या गणपतीत तिचं डोहाळजेवण झालं. सेटवर त्या बाळाला सगळे ‘महाराज’ म्हणायला लागले, इतके आढेवेढे घेऊन येणारं म्हणून. हसण्यावारी नेलं आम्ही. खरं तर ती पहिली घंटा होती.

पहिली निर्णयाची जागा: भाग १९०

अंधेरीच्या ऑफिसात बैठक. आकडे उत्तम होते. वाहिनीच्या क्रिएटिव्ह हेड आमच्या कथालेखकांना म्हणाल्या, “सर, इतकं छान चाललंय तर तीनशे बाराला का थांबायचं?” सर म्हणाले, “मॅडम, चाळ पडते ना तिथे.” त्यावर सगळे हसले आणि चहा आला.

पर्याय तीन होते. पहिला, गोष्ट ३१२ ला संपवायची आणि त्याच चाळीतल्या दुसऱ्या कुटुंबाची नवी गोष्ट नव्या नावाने सुरू करायची. दुसरा, शेवट पुढे ढकलायचा पण तारीख आजच ठरवायची, समजा ४५०. टीममधल्या एका मुलाने इथे ‘लॉस्ट’चा दाखला दिला. त्या अमेरिकन मालिकेच्या कर्त्यांनी वाहिनीशी बोलून २००७ मध्येच जाहीर करून घेतलं होतं की मालिका २०१० ला संपेल, आणि मग उरलेली वाट त्या मुक्कामाकडे आखली. (तिच्या शेवटावरून लोक आजही भांडतात. पण शेवट कधी हे त्यांना ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं.) तिसरा पर्याय, काहीच न ठरवता चालू ठेवायचं.

तिसरा निवडला गेला. आपल्याकडच्या नेहमीच्या करारात पैसा वाहिनीचा आणि मालिकेची मालकीही वाहिनीचीच असते, त्यामुळे कधी थांबायचं हे तीच ठरवते. पण सगळं वाहिनीवर ढकलणं खोटेपणाचं होईल. निर्मात्याचा सेट नुकता वसूल झाला होता, त्याला नफा आता कुठे दिसायला लागला होता. स्पॉटदादांपासून मेकअपवाल्यांपर्यंत साठ-सत्तर माणसांचं घर त्यावर चालत होतं. मला दर भागामागे पैसे मिळायचे आणि घराचा हप्ता सुरू होता. मी त्या बैठकीत एक शब्द बोललो नाही.

त्या दिवशी आणखी एक निर्णय झाला, तो कुणी उच्चारलाच नाही. मालिका चालू राहणार म्हणजे सेट उभा राहणार, आणि सेट उभा राहणार म्हणजे चाळ पडणार नाही. पुनर्विकासाच्या गोष्टीतून आम्ही पुनर्विकासच काढून घेतला. पुढची दोन वर्षं बिल्डर येऊन धमक्या देत राहिला, आणि त्याच्या धमक्यांना काही अर्थ नाही हे प्रेक्षकाला आमच्याआधी कळलं.

दुसरी निर्णयाची जागा: भाग २३६

क्रिकेटचा मोसम सुरू झाला आणि दोन आठवडे आकडा खाली आला. रविवारी एक तासाचा महाएपिसोड करायचं ठरलं. महाएपिसोडला मोठा हाय पॉइंट लागतो आणि आमच्या पेटीत मोठा हाय पॉइंट एकच होता: आईला कळणं. तो २९० च्या पुढे ठेवला होता. तो उचलून २३६ वर आणला.

सीन मीच लिहिला, आणि माझ्या आजवरच्या कामातला तो बहुधा सगळ्यात चांगला सीन असावा. आई ट्रंकेतून सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला काढते. थोरलीने आणलेल्या संमतीपत्राच्या झेरॉक्सशेजारी ठेवते. एका तारखेवर बोट, मग दुसऱ्या तारखेवर बोट. कुकरची शिट्टी होते, ती उठून गॅस बारीक करते आणि परत येऊन बसते. दीड मिनिट संवाद नाही. आईचं काम करणाऱ्या ताईंनी तो एका टेकमध्ये दिला. गुरुवारी आकडा त्या वर्षातला सर्वात वरचा आला. वाहिनीने केक पाठवला.

सोमवारी सकाळी आम्ही कोरा कागद घेऊन बसलो होतो. मालिकेच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर देऊन झालं होतं. आता आई काय करते एवढंच उरलं होतं, आणि ते दोन आठवड्यांत आटपलं असतं. आम्हाला मात्र टोकाला कुठली तारीखच नव्हती.

तिसरी निर्णयाची जागा: पुढची वीस मिनिटं

हा अभ्यास लिहायचं खरं कारण म्हणजे ही वीस मिनिटं. तेव्हा टेबलावर तीन गोष्टी होत्या.

एक, आई दिराला घराबाहेर काढते आणि प्रकरण कोर्टात जातं. दोन, आई गप्प बसते. तिला माहीत असतं, थोरलीला माहीत असतं की आईला माहीत आहे, आणि तरी आई रोज दिराला जेवायला वाढते. मग मालिका आई आणि मुलीमधली होते. तीन, आई जिन्यावरून पडते आणि विसरते.

दुसरी वाट सर्वात चांगली होती हे मी आज म्हणतो असं नाही, तेव्हाही म्हणालो होतो. त्या एका घरात वर्षभराचं खाद्य होतं, कारण कुणालाही मूर्ख करावं लागत नव्हतं. आक्षेप असा आला की आई ‘निगेटिव्ह’ होते, आणि साडेसातशे ग्रॅमची बिस्किटं विकणाऱ्या जाहिरातदाराला आठच्या स्लॉटला निगेटिव्ह आई चालत नाही. हा विनोद वाहिनीच्याच माणसाचा, माझा नाही. शिवाय संध्याकाळपर्यंत प्रोमो कापायचा होता. जिन्यावरून पडणाऱ्या आईचा प्रोमो वीस सेकंदांत होतो. गप्प बसलेल्या आईचा प्रोमो कसा करायचा हे कुणालाच सुचेना. कुणीतरी ‘डॅलस’चं नाव काढलं. त्या मालिकेने १९८६ मध्ये मेलेलं प्रमुख पात्र न्हाणीघरात जिवंत दाखवलं आणि मागचा अख्खा सीझन स्वप्न ठरवून मोकळी झाली. “त्यांनी वर्ष पुसलं, आपण तर एक दुपार पुसतोय.” झालं.

ताईंना मी मढला जाऊन सांगितलं. त्या मेकअप रूममध्ये बसल्या होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बरं. विसरते. पण किती विसरू ते सांग.”

मी म्हटलं, “ताई, फक्त तेवढंच. त्या कागदाचं.”

“म्हणजे कुकर लावलेला आठवतोय, पण शेजारी कागद होता ते नाही आठवत?”

मी काही बोललो नाही. त्यांनी आरशात बघत टिकली नीट केली. “अरे, मी काम करीन रे. पण त्या बाईला काय माहीत आहे हे मला माहीत पाहिजे, नाहीतर डोळ्यांत काय आणू?”

पुढची दोन वर्षं या वाक्याचं उत्तर आम्ही देऊ शकलो नाही.

पुढे काय केलं

आई विसरल्यावर थोरलीने तिला पुन्हा का सांगू नये? डॉक्टरांनी धक्का देऊ नका म्हणून सांगितलं. मग थोरली कोर्टात का जात नाही? झेरॉक्स हरवली. झेरॉक्स एकदा पावसात भिजली, एकदा होळीत गेली, एकदा काकूने चोरली. तिचा फोनवरचा फोटो पाण्याच्या बादलीत पडला, फोनसकट. प्रत्येक वेळी आम्ही एका हुशार मुलीकडून एक बावळट गोष्ट करून घेत होतो, आणि प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा थोडी अधिक बावळट असावी लागायची.

याच काळात वाहिनीकडे डोंबिवलीच्या एका निवृत्त बाईंचं पत्र आलं. दोन पानं, सुवाच्य अक्षर. महापालिकेतली नोकरी संपवून घरी बसलेल्या. त्यांनी विचारलं होतं की मृत्यूचा दाखला वॉर्ड ऑफिसातून पुन्हा काढता येतो, संमतीपत्राची मूळ प्रत बिल्डरच्या फायलीत आहे, तर सगळे एका झेरॉक्समागे का धावताहेत? आणि थोरली वकिलाकडे कामाला असून तिला एवढं कळत नाही? पत्र बैठकीत मोठ्याने वाचलं गेलं. पहिल्या पानावर हशा झाला, दुसऱ्या पानावर कुणी हसलं नाही. मग क्रिएटिव्ह हेड म्हणाल्या, “असे प्रेक्षक किती असतात?” आणि पुढच्या आठवड्याची वनलाइन सुरू झाली.

माझ्या हिशेबाने ही चौथी निर्णयाची जागा होती आणि सर्वात स्वस्तातली. दाखला काढायला थोरली वॉर्ड ऑफिसात जाते, एवढ्या एका सीनने गोष्ट रुळावर आली असती.

बाकीचं भराभर सांगतो. चारशेच्या आसपास नायिकेचा करार संपला आणि रोजच्या बारा-तेरा तासांच्या शिफ्टला कंटाळून ती गेली. थोरली दोन महिने नाशिकला होती, परत आली ती दुसऱ्या चेहऱ्याने. काकाला पश्चात्ताप झाला, मग तो पुन्हा वाईट झाला, मग त्याच्यापेक्षा वाईट असा त्याचा एक मित्र आला. सीन लांबवायला रिॲक्शन शॉट वाढले: दार उघडलं की घरातल्या सातही जणांचे चेहरे, आणि पाठोपाठ ढॅण. साडेपाचशेला सहा वर्षांची लीप. बाळ शाळेत जायला लागलं. बिल्डर तोच, चाळ तीच, प्रस्ताव तोच. मुंबईत पुनर्विकास सहा वर्षं रखडणं ही आमच्या मालिकेतली शेवटची विश्वासार्ह घटना असावी.

परिणाम

आठचा स्लॉट आधी साडेसहाला गेला. साडेसहाच्या मालिकेचं पुढे काय होतं हे या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. तरी आम्ही एकमेकांना सांगत राहिलो की संध्याकाळचा प्रेक्षक वेगळा असतो. मग एका शुक्रवारी फोन आला: बारा भागांत आटपा.

बारा भागांत आईला त्याच जिन्यावर सगळं आठवलं. काकाने स्वतःहून कबुली दिली. कोर्टाचा निकाल एका सीनमध्ये लागला, त्यात न्यायाधीशांचा आवाज फक्त बाहेरून ऐकू येतो, कारण कोर्टाचा सेट लावायला पैसे नव्हते. आई दिराला सोडते की गप्प बसते, या मूळ प्रश्नाला तिने “देव बघून घेईल” असं उत्तर दिलं. ते वाक्य माझं नाही, पण मी ते कापलंही नाही. शेवटच्या भागात गॅलरीत सत्यनारायण झाला. चाळ उभीच.

ती तिसऱ्या दिवशी पडली. माझं थोडं मानधन अडकलेलं होतं म्हणून मी मढला गेलो, तर सेटिंगची मुलं वरचा मजला उतरवत होती. प्लायवूडचे तुकडे टेम्पोत चालले होते. तो खऱ्या चाळीतून आणलेला कठडा कुणीतरी बाजूला काढून ठेवला होता, पुढच्या सेटसाठी.

वेगळं काय करता आलं असतं

लांबवायचंच नव्हतं असं मी म्हणणार नाही. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, आणि माझी आई ती शेवटपर्यंत बघत होती. लांबी झेपणाऱ्या गोष्टी असतात. आमची एका कागदावर उभी होती, आणि कागदावरची गोष्ट तो कागद वाचला गेला की संपते. हे भाग १९० च्या बैठकीत कुणीतरी, म्हणजे मी, बोलायला हवं होतं. तारीख ४५० ची मिळाली असती तरी महाएपिसोडला आईचं गुपित उचलायची वेळ आली नसती. दुसरं काहीतरी शोधावंच लागलं असतं.

पहिला पर्याय, नव्या कुटुंबाची गोष्ट, सेटच्या हिशेबातही बसत होता. एक मजला पडतो आणि दुसरा उरतो असं लिहिता आलं असतं. चाळीची एक विंग पाडणं मुंबईला नवं नाही. कला-दिग्दर्शकाला नंतर विचारलं तर तो म्हणाला, “दोन दिवसांचं काम होतं. कुणी विचारलंच नाही.” लेखक आणि कला विभाग एका बैठकीला कधी बसतच नाहीत, हा आमच्याकडचा जुना दोष.

आई गप्प बसते या पर्यायाबद्दल माझा जुना सहकारी अजूनही मला विरोध करतो. त्याच्या मते आकडा लगेच पडला असता आणि मालिका साडेतीनशेला बंद झाली असती. असेल. मग ती साडेतीनशेला बंद झालेली चांगली मालिका असती, आणि सत्तर माणसं जवळपास दीड वर्ष आधी घरी बसली असती. हे दुसरं वाक्य तो नेहमी मला ऐकवतो आणि त्याला माझ्याकडे उत्तर नसतं.

एक बदल मात्र मी केला आहे. सध्याच्या मालिकेत मी एक वही ठेवतो. डाव्या पानावर भाग क्रमांक, उजव्या पानावर कुणाला काय कळलं आणि कुणाकडून. एखाद्या पात्राला कळलेली गोष्ट खोडावी लागणार असेल तर तो सीन बैठकीत थांबतो, निदान त्यावर भांडण तरी होतं. आतापर्यंत दोनदा थांबला. एकदा आम्ही दुसरा मार्ग काढला, एकदा प्रोमो आधीच गेलेला होता. या कामाला वेगळा माणूस नेमावा असं मी सुचवलं आहे. त्याचे पैसे निर्मात्याने द्यायचे की वाहिनीने, यावर अजून ठरत नाही. तोवर वही माझ्याकडेच आहे. परवा ताईंनी मागून घेतली होती, त्या याही मालिकेत आई आहेत. त्यांनी स्वतःची पानं चाळली, एका ओळीवर पेन्सिलने फुली मारून दिली आणि म्हणाल्या, “हे मला कुणी सांगितलेलं नाही.” मी तपासलं. खरंच कुणी सांगितलेलं नव्हतं.